सावित्रीकाठचे सोळा पावसाळे

२२ जुलै उजाडला की महाडच्या बाजारपेठेत २०२१ च्या पुराचा विषय निघतोच. परंतु तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि पेठेतील घरांच्या पहिल्या मजल्याला पाणी लागले, त्या दिवसाचा जाब मागावयाचा तर दप्तर २००५ पासून उघडावे लागेल. तत्पूर्वीच्या पुरांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. गांधारी नदी फुगली, खाडीच्या भरतीने सावित्री नदीचे पाणी तुंबले, की तांदळाची पोती माळ्यावर चढत. ओहोटीबरोबर पाणी उतरे आणि चिखल धुऊन दुकाने पुन्हा उघडत.

२००५ च्या जुलैअखेरीस हा परिपाठ कायमचा मोडला. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर गावांवर आले आणि तालुक्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पंचनामे तातडीने झाले. मात्र ज्यांची घरे दरडीखाली गेली, त्या दासगावकरांनी तात्पुरत्या म्हणून मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहाहून अधिक वर्षे काढली, याचा संताप माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

पुढे २०१६ साली एकाच राज्याची दोन रूपे आम्ही पाहिली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी तहानलेल्या लातुरास पोहोचली, आणि २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीच्या लोंढ्याने ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल दोन एसटी गाड्यांसह ओढून नेला. या दोहोंचा संबंध काय, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. अरबी समुद्र तापत चालला आहे, वारे पूर्वीपेक्षा अधिक बाष्प, पण लहरीपणाने, आणतात, आणि मध्य भारतात सर्वदूर अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाले, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. दोन सरींमधील खंड लांबला की मराठवाड्याचे पीक करपते; तोच पाऊस सह्याद्रीवर एकवटला की आमची वस्ती बुडते. २०२१ च्या त्या दिवशी महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि सावित्रीचा उगम तेथलाच.

टंचाई पाहावयास लातूरइतके दूर जावयासही नको. हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या शेजारच्या पोलादपूरच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, कारण उभ्या कातळावरून पाणी वाहून जाते आणि ते अडवण्याची तजवीज कोणी केली नाही. सावित्रीच्या पात्रातील गाळ नेटाने उपसू लागले तेही २०२१ नंतर. २००५ च्या पुराने जे उघड दाखवले होते, त्याची दखल घेण्यास सोळा वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत तळियेतील कुटुंबे डोंगराखाली राहिली.