गांठ, गळूं, आवाळूं आणि अर्बुद

आमच्या ठाणें जिल्ह्यांत अंगावर कोठेंही फुगवटा दिसला कीं लोक त्यास सरसकट 'गांठ' म्हणतात. आम्हीं नोकरीचीं सारीं वर्षें मामलेदार कचेरींत दप्तर लिहिण्यांत घालविलीं. तेथें भातजमीन, वरकस आणि खाजण एकाच रकान्यांत दाखविलीं असतीं तर आकारणीचा केवढा घोळ झाला असता! शरीराच्या बाबतींत तोच घोळ आपण रोज घालतों, आणि त्याचा दंड प्रसंगीं जिवानें भरावा लागतो.

वास्तविक मराठींत यांतील प्रत्येकास निराळें नांव आहे. पायांत कांटा मोडून जखम चिघळली कीं जांघेंत दुखरा गोळा येतो, तें 'अवधाण'. जखम बरी झाली म्हणजे तें उतरतें. पू धरतें तें 'गळूं', केसाच्या मुळाशीं उठतें तें 'केस्तूड', आणि पाठीवर अनेक तोंडांनीं फुटते ती 'काळपुळी'. मधुमेह असलेल्यांस ही फार वाईट. हीं सारीं दुखणीं ठसठसतात, म्हणून माणूस उपचारास धांवतो. 'आवाळूं' याच्या उलट. मऊ, न दुखणारें, वर्षानुवर्षें तसेंच राहणारें. चामखीळ आणि मस हे तर केवळ त्वचेवरचे. गळ्यापुढचा 'गलगंड' आणि मानेंत माळेसारख्या उठणाऱ्या 'गंडमाळा' यांत मात्र नेहमीं गल्लत होते. गंडमाळा बहुधा क्षयाच्या असतात. गलगंड पुष्कळदां आयोडिनच्या कमतरतेनें होतो. आमचें मीठ खाडीकांठचें, म्हणून आम्हांस त्याची भीति नाहीं, असें कोणीं समजूं नये. मिठागरांतील साध्या मिठांत आयोडिन नांवापुरतेंच असतें.

'गांठ' या शब्दाची धास्ती जुनी आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षीं कल्याणच्या स्टेशनावर उतारूंची तपासणी होत असे. तेव्हां काखेंत किंवा जांघेंत गांठ आली म्हणजे मरणाची चिठ्ठीच आली, असें लोक समजत. ती गांठ साथीच्या तापाची होती. तसेंच गुरांचें. २०२२ सालीं महाराष्ट्रांतील गोठ्यांतून 'लंपी' फिरला, त्या गांठी विषाणूच्या, माशा-डांसांनीं पसरणाऱ्या. माणसांस तो रोग होत नाहीं. जूं घासून बैलाचा खांदा येतो, तो आणखी निराळा.

आतां 'अर्बुद'. गणितांत दहा कोटींस हेंच नांव आहे, पण वैद्यकांत त्याचा अर्थ शरीरांतील बेसुमार वाढ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायांत आहे. तेथें अर्बुद हें वाटोळें, स्थिर, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें आणि न पिकणारें असें सांगितलें आहे. कोणी त्यास बांडगूळ म्हणतात, तें आम्हांस पटत नाहीं. बांडगूळ आंब्यावर बाहेरून येतें; अर्बुद शरीराच्याच पेशींतून उपजतें. त्याचे दोन प्रकार: जागच्या जागीं राहणारें तें सौम्य, आणि आजूबाजूस शिरणारें व दूरच्या अवयवांत जाणारें तें मारक, म्हणजेच कर्करोग. कर्क म्हणजे खेकडा, आपली चिंबोरी.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. आतां कल्याण-डोंबिवलीकडे 'त्यांना टाटाला नेलें' एवढें म्हटलें कीं ऐकणारा काय तें समजतो. रोगाचें नांव कोणी उच्चारीत नाहीं. हा संकोच शब्दापुरता असता तर आमची तक्रार नव्हती. परंतु घरांतील बायका स्तनांतील गांठ महिनोन् महिने पदराखालीं ठेवतात, कारण ती दुखत नाहीं. स्तनाचा कर्करोग आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. पुरुष त्यास आवाळूं समजून सोडून देतात. तेव्हां नवी गांठ, दुखरी असो वा नसो, डॉक्टरांस दाखवावी. आणि नुसतें 'गांठ आहे' न म्हणतां ती कधींपासून आहे, वाढली काय, बोटाखालीं हलते काय, जवळ जखम आहे काय, हें सांगावें. सौम्य कीं मारक याचा निवाडा गांठीचा अंश तपासल्यावर होतो. शस्त्र लागलें कीं रोग पसरतो, या भीतीनें कित्येक जण तेवढ्यासाठींच परत फिरतात. तसें करूं नये.