पियानोवादनाची समीक्षा : कोणासाठी?

संगीताची समीक्षा मैफल ऐकलेल्या श्रोत्यासाठी असते की न ऐकलेल्या वाचकासाठी, हा प्रश्न वरकरणी निरर्थक वाटेल. परंतु शिक्रापूरसारख्या गावी राहून ज्याला पुण्याच्या कॅम्प भागातील माझ्दा हॉलमध्ये होणारे पियानोवादन ऐकावयाचे असते, त्याला तो नित्य पडतो. अंतर चाळीसेक किलोमीटरचेच. तथापि कार्यक्रमाचा उत्तरार्ध रंगात येतो तेव्हा त्याचे अर्धे लक्ष नगर रस्त्याच्या शेवटच्या गाडीकडे असते. मुंबईत १९६९ साली स्थापन झालेली ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स’ ही संस्था आणि तिचे नरिमन पॉइंटवर १९८० मध्ये उभे राहिलेले टाटा थिएटर तर त्याच्या आटोक्याबाहेरचेच. अशा माणसापाशी त्या संध्याकाळचे जे काही पोहोचावयाचे, ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातूनच.

या अंतरामागे एक आर्थिक कारणही आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही. पण बीथोव्हनचा ‘मूनलाइट’ सोनाटा वाजविण्यास १८०२ मध्ये एक वादक व सुमारे पंधरा मिनिटे लागत. आजही तितकीच लागतात. वादकाचे मानधन मात्र इतरांच्या वेतनाबरोबर वाढणे प्राप्तच असते. परिणामी तिकिटाचे उत्पन्न खर्चाला पुरे पडत नाही, आणि जेथे आश्रयदाते असतील तेथेच मैफल होते. आश्रयदाते महानगरात असतात. रांजणगावला कारखाने येऊ शकले. पियानोची मैफल येणे अवघड आहे, ते यामुळे.

समीक्षेचे अर्थशास्त्र याच्या नेमके उलट आहे. ती एकाने वाचली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. १८३१ साली रॉबर्ट शुमान या एकवीस वर्षांच्या तरुणाने लाइपझिगच्या एका नियतकालिकात शोपाँ या तितक्याच तरुण संगीतकाराच्या रचनेवर लेख लिहिला, तेव्हा बहुतेक जर्मन वाचकांनी शोपाँचा एक स्वरही ऐकलेला नव्हता. लेख होता तो त्यांच्यासाठीच. आपल्याकडे केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर जे लिहिले, तेही मैफलीपासून दूर असलेल्या मराठी माणसाचा कान घडविणारे होते. हेच भोळे चित्रपटसंगीतात पियानोचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या संगीतकारांपैकी होत, हे विसरून चालणार नाही. असे असता पियानोवादनाची समीक्षा मराठी दैनिकात क्वचितच दिसावी आणि ती इंग्रजी वाचणाऱ्यांचीच मिरास समजली जावी, याचे वैषम्य वाटते.

हे वाद्य आपल्या वाचकाला समजणार नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला पेटी ठाऊक आहे. पेटीवर मींड निघत नाही ही तक्रारही ठाऊक आहे. याच उणिवेपायी १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. तेथूनच आरंभ करता येईल. पेटीचा सूर भाता चालू असेतो टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आघात करते आणि सूर त्या क्षणापासून विरू लागतो. विरणारे सूर एकमेकांना असे जोडावयाचे की गळ्यातून अखंड गाणे चालले आहे असा भास व्हावा, हे पियानोवादकाचे खरे कसब. उलट, बोटाच्या दाबाने सूर हळू वा मोठा करण्याची जी सोय फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास साधली, ती पेटीत नाही. उजव्या पायाखालची पट्टी दाबली की तारांची आस रेंगाळते. ती किती रेंगाळू द्यावी, यातही वादकाची अभिरुची दिसते.

यावर कोणी म्हणेल, रचना तर आधीच लिहिलेली. मग वादकाचे कर्तृत्व ते काय? गडकऱ्यांच्या सुधाकराची वाक्येही लिहिलेलीच आहेत. तरीही प्रत्येक नटाचा सुधाकर निराळा असतो आणि आपण त्यावर तासन्‌तास वाद घालतो. पियानोच्या समीक्षकानेही नेमके हेच सांगावयाचे असते : कोठे लय रोखली, डाव्या हाताचे स्वर कोठे पुढे आणले, आणि त्याने रचनेचा अर्थ उजळला की झाकोळला.

आता भ्रमणध्वनीवर जगातील श्रेष्ठ वादकांची ध्वनिमुद्रणे सहज ऐकावयास मिळतात. मग समीक्षेचे प्रयोजन काय, असाही प्रश्न येईल. माझ्या मते प्रयोजन वाढले आहे. पूर्वी दुर्भिक्ष संगीताचे होते. आता दुर्भिक्ष आहे ते काय ऐकावे आणि कसे ऐकावे हे सांगणाऱ्याचे. समीक्षकाने वाजविलेल्या रचनेचे नाव व क्रमांक अचूक दिला आणि तिच्यातील एखादी जागा बोट ठेवून दाखविली, तर शिक्रापूरच्या चाकण चौकात गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी तीच रचना त्याच दिवशी ऐकू शकेल. मैफल त्याची हुकली असेल; तिच्यातील शिक्षण हुकणार नाही.

मात्र यासाठी समीक्षा प्रामाणिक हवी. ‘वादकाने रसिकांना मंत्रमुग्ध केले’ हे वाक्य आयोजकांच्या मोफत प्रवेशिकेची परतफेड करते. वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. ज्याने मैफल ऐकली, तो समीक्षकाची चूक ओळखू शकतो. ज्याने ती ऐकली नाही, त्याला समीक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. समीक्षकाची खरी जबाबदारी या दुसऱ्या वाचकाशी आहे, आणि संख्येने तोच मोठा आहे.