जुना एसी बदलताना

दहा-बारा वर्षे चाललेला वातानुकूलक, म्हणजेच एसी, निकामी झाला की बहुतेक घरांत तेवढ्याच क्षमतेचा नवा एसी आणला जातो. परंतु दरम्यानच्या काळात यंत्राचे तंत्र आणि त्यातील वायू बदललेले असतात, शिवाय पहिली निवड अचूक होती असेही नसते, त्यामुळे हा निर्णय मुळापासून तपासून घेणे हिताचे ठरते.

पहिला प्रश्न क्षमतेचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, उष्णता बाहेर टाकणारा एसी एक टनाचा मानला जातो. गच्चीखालच्या, पश्चिमेचे ऊन झेलणाऱ्या खोलीला जास्त क्षमता लागते. मात्र गरजेपेक्षा मोठा, एकाच वेगाने चालणारा एसी हवा चटकन गार करून थांबतो आणि बाष्प काढायला त्याला पुरेसा वेळ न मिळाल्याने मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत गारव्यातही चिकचिक राहते. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, म्हणून हा दोष त्यात बराच कमी होतो.

दुसरा प्रश्न विजेचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या स्टार-लेबलवरील वार्षिक युनिट १,६०० तासांचा वापर धरून काढलेले असतात. केवळ उन्हाळ्याचे तीन महिने, रोज रात्री आठ तास एसी लावणाऱ्या घरात हा वापर ७२० तासांच्या आसपास भरतो, त्यामुळे पाच स्टारसाठी मोजलेली जादा किंमत वसूल व्हायला तिथे दुपटीहून अधिक काळ लागतो. स्टारचे निकषही वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या आणि नव्या पाच स्टारची तुलना करता येत नाही.

तिसरा प्रश्न वायूचा. ओझोनच्या थराला हानी पोचवणारा आर-२२ माँट्रियल करारानुसार हद्दपार होत असून नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो. त्याचा दाब बराच जास्त असतो आणि जुन्या तांब्याच्या नळ्यांत आधीच्या यंत्राचे तेल राहिलेले असते, म्हणून नळ्या नव्या घालून, व्हॅक्यूम पंपाने त्यांतील हवा व ओल काढूनच वायू सोडणे योग्य.

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कुलर एसीच्या मानाने फारच थोड्या विजेत काम भागवतो, तर थंडीतही ऊब हवी असलेल्या घरांना उलट दिशेने उष्णता वाहणारा ‘हॉट अँड कोल्ड’ एसी साध्या हीटरपेक्षा किफायतशीर पडतो.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ग्राहकाने खोलीचे माप, ऊन येण्याची दिशा आणि वापराचे तास लिहून काढावेत, आणि जुन्या यंत्रातील वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये भरून घेण्याचा आग्रह तंत्रज्ञाकडे अवश्य धरावा.