मॅरेथॉनची साडेपाच मिनिटे

मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजने १४ जुलै १९९८ रोजी रोममध्ये १५०० मीटरचे अंतर ३ मिनिटे २६.०० सेकंदांत कापले. पाव शतक उलटले तरी पुरुषांचा तो विक्रम जागचा हलला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्राझीलच्या रोनाल्डो दा कोस्टाने बर्लिनमध्ये मॅरेथॉनचा विश्वविक्रम २ तास ६ मिनिटे ५ सेकंदांवर आणला होता. केनियाच्या केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ला शिकागोत हेच अंतर २ तास ३५ सेकंदांत पार केले, म्हणजे तब्बल साडेपाच मिनिटे कमी. महिलांचे आकडे आणखी चमत्कारिक आहेत. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचा २००३ सालचा २:१५:२५चा विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला. तो २०१९ मध्ये मोडला आणि पुढच्या पाच वर्षांत केनियाच्या रूथ चेपन्गेटिचने वेळ २:०९:५६वर नेली. इथेही फरक साडेपाच मिनिटांचाच. माणूस पिढीगणिक वेगवान होत चालला आहे, हे नेहमीचे उत्तर या आकड्यांपुढे टिकत नाही. तसे असते तर पंधराशेचा विक्रमही घसरला असता आणि महिलांची मॅरेथॉन सोळा वर्षे थबकली नसती.

लांब पल्ल्याच्या धावपटूचा वेग तीन गोष्टींवर ठरतो. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्यातला किती हिस्सा दमछाक न होता तासन्‌तास वापरता येतो आणि एक किलोमीटर धावायला ऑक्सिजन लागतो किती. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मायकेल जॉयनर यांनी १९९१ मध्ये या तिन्हींची तोवर नोंदली गेलेली उत्तमोत्तम मापे कागदावर एकाच शरीरात एकत्र केली. उत्तर निघाले १ तास ५७ मिनिटे ५८ सेकंद. तेव्हाचा विश्वविक्रम २:०६:५० होता, त्यामुळे अनेकांना हे गणित कागदी वाटले. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. फुप्फुसे आणि हृदय यांची क्षमता पुरेशी होतीच. प्रश्न होता खर्चाचा, म्हणजे तिसऱ्या घटकाचा. हा खर्च जन्मजात ठेवण आणि वर्षानुवर्षांचा सराव यांनीच कमी होतो, असे तोवर मानले जाई. तंत्रज्ञानाने नेमका तिथेच शिरकाव केला.

नायकेच्या ज्या बुटापासून हे सुरू झाले, त्याच्या नमुन्याची चाचणी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अठरा धावपटूंना ट्रेडमिलवर धावायला लावून त्यांच्या श्वासातल्या वायूंवरून ऊर्जेचा खर्च मोजला गेला; तो सरासरी चार टक्क्यांनी कमी भरला. पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार बुटाच्या तळव्यावर येतो, फोम दबतो आणि पाऊल उचलण्याआधी पुन्हा फुलतो. दबताना साठलेल्या ऊर्जेपैकी किती परत मिळते, हाच कळीचा मुद्दा. नायकेच्या जुन्या शर्यतीच्या बुटात हे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते, आदिदासच्या त्या वेळच्या बुटात ७६ टक्के आणि या नव्या फोममध्ये ८७ टक्के. शिवाय हा फोम इतका हलका की तळवा जाड करूनही बूट जड होत नाही. पायात शंभर ग्रॅम वजन वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो, हे आधीपासून ठाऊक होतेच. जाहिरातींनी सगळे श्रेय फोममधल्या कार्बनच्या पट्टीला दिले, पण ते काही खरे नव्हे. पुढे संशोधकांनी या पट्टीला आडवे छेद देऊन तिचा ताठपणा घालवला आणि पुन्हा मोजमाप केले. खर्चात जेमतेम फरक पडला. पट्टी उंच, मऊ फोमला स्थिरता देत असेल, पण खरा कर्तबगार फोमच.

मात्र चार टक्के ऊर्जा वाचली म्हणून वेग चार टक्क्यांनी वाढत नाही. ताशी एकवीस किलोमीटरच्या वेगाला हवेचा विरोध जाणवण्याइतका असतो आणि वेग वाढला की तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे अव्वल धावपटूच्या वेगात ही बचत अडीच-तीन टक्क्यांच्या आसपासच उतरते. महिलांचा विक्रम मात्र चार टक्क्यांनी घसरला. उरलेले कुठून आले? काही भाग इंधनाचा. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते आणि पाय दगड होतात, हे मॅरेथॉनच्या पाचवीलाच पुजलेले. पूर्वी तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटाला झेपतात असे मानत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, हे कळल्यावर दोन्हींचे मिश्रण देऊन, पोटालाही सराव करवून ही मर्यादा नव्वद ग्रॅम आणि त्याहून पुढे गेली. ट्रॅकच्या कडेला ठरल्या वेगाने पुढे सरकणारे दिवेही आले. केनेनिसा बेकेलेचा २००४ सालचा पाच हजार मीटरचा विक्रम जोशुआ चेप्टेगेईने २०२० मध्ये मोनाकोत मोडला तो अशाच दिव्यांच्या सोबतीने.

पंधराशे मीटरला यातले फारसे काही लागू पडत नाही. साडेतीन मिनिटांच्या शर्यतीत इंधन संपत नाही आणि त्या वेगाला ऊर्जेच्या काटकसरीपेक्षा निव्वळ ताकद आणि दमछाक सोसण्याची कुवत जास्त मोलाची ठरते. महिलांचा पंधराशेचा विक्रम फेथ किप्येगॉनने २०२५ मध्ये ३:४८.६८वर नेला, हे खरे. पण तिच्या बाबतीत एक बोलका प्रयोग आपल्यासमोर आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसमध्ये तिने चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याचा प्रयत्न केला. हवा अडवायला पुढेमागे पेसर, खास शिवलेला पोशाख, खास बूट, सगळा सरंजाम होता. तरी तिच्याच विक्रमापेक्षा वेळ सव्वा सेकंदानेही सुधारली नाही. याउलट लांब अंतराला असाच सरंजाम २०१९ मध्ये व्हिएन्नात एलियुड किपचोगेला १:५९:४० पर्यंत घेऊन गेला. आळीपाळीने येणाऱ्या पेसरांमुळे ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही, पण अंतर वाढते तसा तंत्रज्ञानाचा हात लांब होतो, हे या दोन प्रयोगांनी दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा की, बुटांचे कौतुक पुरे, पाणी मुरतेय ते औषधांत. आक्षेप फेटाळता येत नाही. चेपन्गेटिचवरच २०२५ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यामुळे तीन वर्षांची बंदी आली. दोषी नमुना विक्रमानंतरचा असल्याने विक्रम मात्र रद्द झाला नाही. तिच्या वेळेवर सगळा युक्तिवाद उभारणे शहाणपणाचे नाही, हे मान्य. पण ती वेळ बाजूला ठेवली तरी इथिओपियाच्या तिगस्त असेफाची २०२३ सालची २:११:५३ उरतेच. आणि औषधे काही २०१७ मध्ये जन्मली नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ १९९०च्या दशकातही होते. ते पकडणारी चाचणी ऑलिंपिकमध्ये आली २००० साली. औषधेच कारण असती तर विक्रमांची पडझड चाचण्या ढिल्या होत्या तेव्हा जास्त व्हायला हवी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरुषांच्या साडेपाच मिनिटांपैकी तीन मिनिटांहून अधिक घट २०१४ पर्यंतच, म्हणजे या बुटांच्या आधीच झाली होती. डेनिस किमेटोने त्या वर्षी बर्लिनमध्ये २:०२:५७ ही वेळ दिली. तिचे श्रेय केनिया-इथिओपियातल्या तरुणांनी ट्रॅकवर वर्षे न घालवता थेट रस्त्याची वाट धरल्याला आणि शर्यतींतल्या वाढत्या पैशाला द्यावे लागते. बूट आयता विक्रम देत नाही, याचा पुरावा तर आपल्याच देशात आहे. अनवाणी धावण्यासाठी ओळखले जाणारे शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली. नवे बूट बाजारात येऊन वर्षे लोटली तरी तो राष्ट्रीय विक्रम उभाच होता, टी. गोपी २०१९ मध्ये सोलला जवळ पोहोचला तोही २:१३:३९ पर्यंत. दुसरीकडे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये मोडला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ पर्यंत मजल मारली. बूट मॅरेथॉनवाल्यांनाही मिळत होते. साबळेला त्याखेरीज मिळाला तो परदेशातला उंचावरचा सराव आणि डायमंड लीगमध्ये जगातल्या उत्तम धावपटूंच्या पाठीला लागून धावण्याची संधी. तंत्रज्ञान तयार धावपटूला पुढे ढकलते. धावपटू तयार करत नाही.

राहिला जुन्या विक्रमवीरांवरच्या अन्यायाचा मुद्दा. मला तो फारसा पटत नाही. रॉजर बॅनिस्टरने १९५४ मध्ये मैलाची चार मिनिटे मोडली ती कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून कृत्रिम ट्रॅक आले, म्हणून कोणी विक्रमांची वही नव्याने उघडली नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ट्रॅक सगळ्यांना सारखाच, बुटाचे तसे नाही. केनियाच्या सात जागतिक दर्जाच्या धावपटूंवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाला अशा बुटाने साध्या सपाट बुटाच्या तुलनेत ११.४ टक्के फायदा झाला, तर दुसऱ्याला ११.३ टक्के तोटा. मापने मोजक्याच धावपटूंची होती, तेव्हा आकडे जपून घ्यावेत. तरीही दोन तुल्यबळ धावपटूंमधला निकाल कोणाच्या घोट्याला कोणता फोम मानवतो यावर फिरू शकतो, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने २०२० मध्ये रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर आणि पट्ट्यांची संख्या एकावर बांधली. जाडी पट्टीने मोजता येते, म्हणून नियम जाडीचा झाला. परत मिळणाऱ्या ऊर्जेला मात्र त्यात मर्यादा नाही. असेफाने बर्लिनमध्ये घातलेला आदिदासचा बूट या नियमात बसूनही अवघ्या १३८ ग्रॅमचा होता.