दोन सारखे प्रोसेसर: ‘बरा’ कुठला, हे कसं ठरवायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका गृहस्थांनी मला गाठलं. त्यांच्या गावातल्या वाचनालयाला जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून ठेवायची आहेत. त्यासाठी एक डेस्कटॉप घ्यायचाय, पैसे देणगीतले, म्हणजे दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. दुकानदाराने कागदावर दोन नावं लिहून दिली होती: एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. ‘सर, माका सांगा, दोघांतलो बरो खयचो?’ तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हे विचारावं याचं मला हसू आलं. पण घरी जाऊन विचार केला, तर प्रश्न आमच्याच खात्यातला निघाला.

नैयायिक सादृश्याचा विचार करताना गाय आणि गवय म्हणजे रानगवा यांचं उदाहरण घेतात. सारखेपणासाठी त्यांची पहिली अट अशी की, दोन वस्तू मुळात भिन्न हव्यात. मग त्यांचे पुष्कळसे धर्म समान हवेत. आपण समान धर्म मोजत बसतो आणि भिन्नत्व विसरतो. इथं बघा. दोघांची आतली रचना झेन ३, दोघांना सहा कोअर आणि बारा थ्रेड, दोघांची वीज ६५ वॅट, कमाल वेग दोघांचा ४.४ गिगाहर्ट्झ. मूळ वेग ५६००चा ३.५, तर जीचा ३.९. कागद वाचणारा म्हणणार, जी वेगवान.

थांबा. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. होडीत मिनिटाला वल्ही किती मारली, एवढ्यावरून होडी किती पुढे गेली हे कळत नाही. एका वल्ह्यात किती अंतर कापलं तेही बघावं लागतं. २००१ मध्ये एएमडीने ॲथलॉन एक्सपी १८००+ आणला तेव्हा तो धावत होता १.५३ गिगाहर्ट्झवर. नावातला आकडा मुद्दाम मोठा, कारण समोर इंटेलचा पेंटियम ४ जास्त ठोक्यांचा होता आणि एका ठोक्यात काम कमी करत होता. आपल्या जोडीत रचना एकच असल्याने ठोक्यांची तुलना चालेल. पण ३.५ आणि ३.९ हे आकडे म्हणजे सतत जड काम असतानाची कंपनीची खालची हमी. थंडावा नीट असेल तर दोघेही त्याच्या बरेच वर धावतात. (मालवणातला मे महिना आणि पंख्यात साचलेली धूळ, हा भाग वेगळा.)

खरा फरक दुसरीकडे आहे. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा चुलीजवळ असतो, बाकी सामान कोठीच्या खोलीत, आणि तिथंही नसेल तर बाजार. प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी हा मिसळणाचा डबा, रॅम ही कोठी, डिस्क हा बाजार. ५६००ची एल३ कॅश ३२ एमबी, जीची १६, म्हणजे बरोबर निम्मी. ज्या कामात सामान सारखं बदलतं, उदाहरणार्थ वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून खेळायचे गेम, तिथं ५६०० पुढे जातो. ज्या कामाचं सामान लहान डब्यात मावतं, तिथं दोघे जवळजवळ बरोबरीत.

मग सहा कोअरचं काय? १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० उभा केला तो ट्रान्सप्युटर नावाचे ६४ प्रोसेसर जोडून. काम वाटून घेतलं की वेग वाढतो हे खरं, पण सगळं काम वाटता येत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवली. समजा दहा मिनिटांचं काम आहे, त्यातली चार मिनिटं वाटताच येत नाहीत. उरलेली सहा सहाजणांनी वाटली तर एक मिनिट. एकूण पाच. माणसं सहापट, वेळ फक्त निम्मा झाला! वाचनालयाच्या कामात पानावरची अक्षरं ओळखणं छान वाटता येतं, कारण एक पान दुसऱ्यावर अवलंबून नसतं. ते काम दोन्ही प्रोसेसर नीट करतील.

आता माझी फजिती सांगतो. मी एकदा दोन मशीन शेजारी ठेवून, घड्याळ लावून, शंभर पानांची एक पीडीएफ करून पाहिली. एक मशीन स्पष्ट पुढे! मी लगेच निकाल दिला. पुतण्याने पेटी उघडली, तर एकात एसएसडी आणि दुसऱ्यात जुनी हार्डडिस्क. मी बाजाराच्या अंतराची तुलना केली होती, स्वयंपाक्याची नव्हेच. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८४३ च्या ग्रंथातली भेदपद्धती मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली आहे: एक गोष्ट सोडून बाकी सगळं समान ठेवा. फळ्यावर सोपं असतं. तेव्हा तपासायचं तर तीच डिस्क, तेवढीच रॅम, तीच सिस्टीम, आणि पानं तुमच्याच पुस्तकांची घ्या. तीनदा करा, मधला आकडा धरा.

पण या गृहस्थांना घड्याळाचीही गरज नव्हती. जीच्या पोटातच ग्राफिक्स आहे. ५६००मध्ये ते नाही; वेगळं कार्ड घेतलं नाही तर मॉनिटरवर चित्रच उमटणार नाही. कागदावर कार्डाचा उल्लेखच नव्हता! मी विचारलं, ‘गेम खेळणार का कोणी?’ म्हणाले, ‘वाचनालयात?’ मग ५६००जी घ्या, म्हटलं. आणि रॅम १६ जीबीची एकच पट्टी नको, आठ-आठच्या दोन घ्या. पोटातलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, आणि दोन पट्ट्या असल्या की कोठीला दोन दारं होतात. कार्डाचे वाचलेले पैसे बऱ्या स्कॅनरला घाला.