टीबीच्या गोळ्यांना दाद न देणारा ‘टीबी’

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम. टीबीची ही लक्षणे आम्ही शाळेत मुलांकडून पाठ करून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण हीच लक्षणे घेऊन येणारा आणखी एक आजार आहे. हिस्टोप्लाझ्मोसिस हे त्याचे नाव. तो होतो बुरशीमुळे. उर्दूत आपण जिला फफूंद म्हणतो, तीच ही. फक्त ही लोणच्यावर येणारी नव्हे, तर पक्ष्यांची किंवा वटवाघळांची विष्ठा मिसळलेल्या मातीत वाढणारी.

हिची पहिली नोंदच मोठी बोलकी आहे. 1905 साली पनामा कालव्याच्या कामावर असलेला मार्टिनिक बेटावरचा एक सुतार दगावला. शवविच्छेदनात फुफ्फुसे टीबी झाल्यासारखी दिसत होती. डॉ. सॅम्युअल डार्लिंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या आत बारीक गोल कण दिसले. त्यांना ते काळ्या आजाराच्या जंतूंचे भाऊबंद वाटले. ती बुरशी आहे हे नंतर कळले आणि 1934 साली ती प्रयोगशाळेत वाढवून दाखवण्यात आली. म्हणजे टीबीशी होणारी गफलत पहिल्या रुग्णापासूनची आहे!

अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत ही बुरशी सर्रास आढळते. आपल्या देशात पहिला रुग्ण 1954 साली कलकत्त्यातून नोंदवला गेला. पुढे गंगेच्या खोऱ्यातील मातीतूनही ती वेगळी काढण्यात आली. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम हा तिचा मुख्य मुलूख. मग महाराष्ट्रातील वाचकांनी याची चिंता का करावी? कारण भिवंडीच्या यंत्रमागांवर, मुंबईच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर याच भागांतील माणसे राबतात. ही बुरशी शरीरात वर्षानुवर्षे गप्प राहू शकते आणि प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढते. म्हणून डॉक्टरांनी न विचारताही आपले मूळ गाव, तिथे किती वर्षे राहिलो, कबुतरखाना किंवा वटवाघळांची जुनी पडकी इमारत साफ केली होती का, हे सांगावे.

एक दिलासा असा, की हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा करण्याचे काही कारण नाही. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत गेलेल्या बहुतेकांना तर काहीच होत नाही. एचआयव्हीबाधित, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त, पण आपल्याकडे धडधाकट माणसांतही तो दिसला आहे. जिभेवर किंवा तोंडात न भरणारी जखम, कातडी काळवंडणे, रक्तदाब खाली जाणे, कमालीचा थकवा ही लक्षणे असतील तर शंका घ्यायला हवी. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत ही बुरशी घर करते आणि ग्रंथी सुजतात.

खरी अडचण निदानाची. एक्स-रे टीबीसारखाच, गाठीचा तुकडा तपासला तरी सूज तशीच. बुरशी दिसण्यासाठी चांदीच्या क्षाराचा खास रंग द्यावा लागतो आणि तो देण्यासाठी आधी कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते. खात्रीची तपासणी म्हणजे कल्चर, पण त्याला चार-सहा आठवडे लागू शकतात. शिवाय सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते आणि कल्चर होतच नाही. थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. ऑपरेशनआधी नातेवाइकांनी हे विचारले, तर त्यात आगाऊपणा काही नाही. लघवीतील अँटिजेनची तपासणी लवकर उत्तर देते, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही.

निदान झाले तर औषध आहे. आजार गंभीर असेल तर आधी अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शने, मग इट्राकोनाझोल, बरेचदा वर्षभर. टीबीचे रिफाम्पिसिन सोबत चालू असेल, तर इट्राकोनाझोलचा असर फार घटतो. तेव्हा जुनी सगळी चिठ्ठी-कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत.

मात्र हे वाचून कुणी टीबीच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आपल्याकडे अशी लक्षणे असलेल्यांत खरा टीबीच कितीतरी जास्त. पण नियमाने गोळ्या घेऊनही दोन महिन्यांत ताप उतरत नसेल, वजन वाढत नसेल आणि थुंकीत टीबीचे जंतू कधीच सापडले नसतील, तर डॉक्टरांना सरळ विचारावे : हे बुरशीचे तर नसेल ना?