कापूस-अनुदान आणि कूळ : पॉइन्सेट काउंटीचा दाखला

शेतीला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची चर्चा बहुधा रकमेच्या आकड्यावर थांबते. ती रक्कम कोणाच्या नावे देय ठरते, हा प्रश्न मागे राहतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत १९३४-३५ साली जे घडले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९३२ साली तेथे रुईचा भाव पौंडाला सुमारे साडेसहा सेंटपर्यंत उतरला होता. मे १९३३ मध्ये संमत झालेल्या कृषी-समायोजन कायद्याने उत्पादन घटवून भाव वाढविण्याचे धोरण स्वीकारले. त्याच उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस सरकारी मोबदला देऊन नांगरून टाकण्यात आला. पुढील दोन हंगामांसाठी मात्र जमीन पडीत ठेवण्याचे करार झाले, आणि खरी मेख या करारांतच होती.

पडीत जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडाला साडेतीन सेंट 'भाडे' आणि एक सेंट 'समतोल-रक्कम' असा दर होता. भाडे मालकाचे, समतोल-रकमेपैकी अर्धा सेंट बटाईदाराचा. एकरी २०० पौंड उत्पन्नाची १०० एकर जमीन पडीत ठेवली असे समजू. एकूण ९०० डॉलरांपैकी मालकास ८०० व त्या जमिनीवरील सर्व बटाईदारांस मिळून १०० मिळत. पीक घेतले असते, तर प्रचलित निम्म्या बटाईने अर्धे पीक त्यांचे झाले असते! 'व्यवस्थापक-कूळ' ठरणाऱ्यास भाड्याचाही अर्धा भाग मिळे; परंतु ही मान्यता व्यवहारात मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती, आणि स्थानिक समित्यांवर मळेवाल्यांचेच वर्चस्व होते.

शिवाय कूळ काढून रोजंदारीचा मजूर ठेवल्यास अर्धा सेंटही वाचत असे. कराराच्या सातव्या कलमात कुळांची संख्या 'शक्य तोवर' कायम राखावी असे होते. पण या दोन शब्दांत पळवाटेस पुरेशी जागा होती. कुळांना काढण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळ गोऱ्या व काळ्या बटाईदारांनी एकत्र येऊन 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' स्थापिली. वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या प्रदेशात ही गोष्ट सामान्य नव्हे.

वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँक यांच्या विधि-विभागाने कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला : केवळ संख्या नव्हे, तीच माणसे ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी फ्रँक व त्यांच्या काही सहकाऱ्यांना दूर केले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील प्रमुख तरतुदी रद्द ठरविल्या. पण त्या निकालाचा विषय प्रक्रिया-कर व केंद्राचे अधिकार हा होता. कुळांचा प्रश्न तेथे आलाच नाही.

हक्क जमिनीच्या नोंदीस जोडण्याची पद्धती मात्र टिकली. २०१८ मध्ये सरकीसह कापूस पुन्हा आधारभूत-किंमत योजनेत आला, तेव्हाही रकमेची मोजणी त्या वर्षीच्या पेऱ्यावर न ठेवता नोंदलेल्या 'मूळ एकरां'च्या ८५ टक्क्यांवर ठेवण्यात आली. रोख खंडाने जमीन देणाऱ्या मालकास ही रक्कम थेट मिळत नाही. ती कसणाऱ्याकडे जाते. तथापि खंड ठरविताना मालक ती हिशेबात धरू शकतो.